पाखाडी आणि आबासाहेबांचे अंगण

श्री. आबासाहेब साळवी यांची व माझी पहिली भेट सड्यावरच्या रणरणत्या उन्हात झाली. रत्नागिरीत एस.टी. नुकतीच धावू लागली होती. खालच्या गावात दाटी झाल्याने वर सड्याच्या सपाट कातळावर नवी वसाहत आखायचे काम निघाले होते. आबासाहेब ओव्हरसियर, मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलेला सर्व्हेअर. मी ऐटीत नकाशा उलगडला. त्यांनी माझ्या डोकीवर मासळीची रिकामी पाटी ठेवली आणि पाटी घेऊन समोरून येणाऱ्या एका खारवीणबाईंना म्हणाले, "बाय, याच्या बाजूने जा बघू." आम्ही एकमेकांना न घासता गेलो, तेवढी रुंदी त्यांनी चुन्याने आखली. "मोटारवाल्याला हॉर्न असतो," ते म्हणाले. "डोकीवर ओझं असलेल्या बाईला मानसुद्धा वळवता येत नाही."

बंदरापासून सड्यापर्यंतची जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी अशी ठरली. मोटाररस्ता वळणे घेत गेला, चालणाऱ्यांची वाट सरळ राहिली. एस.टी.चा थांबा आपल्या फाटकाशी असावा, असा एका वकीलसाहेबांचा हट्ट होता. आबासाहेबांनी त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि थांबा पाखाडीच्या तोंडाशीच ठेवला.

माणूस म्हणून ते कसे, हे मी काय सांगावे? मला हिवतापाने गाठले तेव्हा त्यांनी मला खोलीवरून उचलून आपल्या घरी नेले. वहिनींनी पेज भरवली. पुढे त्यांच्याच सल्ल्याने मी पाखाडीलगत, त्यांच्या घरासमोर घर बांधले.

आता जे लिहायचे ते लिहिताना मान खाली जाते. पावसाळ्यात कुंपणाचा दगडी गडगा ढासळतो आणि पुन्हा रचताना वीतभर पुढे सरकतो. आपल्या कोकणात हे कुणाला शिकवावे लागत नाही. पाखाडीच्या दोन्ही अंगांचे आम्ही सगळे सुशिक्षित शेजारी दरवर्षी तेच करीत आलो. गडी विचारीत, "साहेबानू, जुन्याच पायावर रचू ना?" आम्ही तेवढ्यापुरते घरात जात असू.

मी आबासाहेबांना म्हटले होते, "नोटिसा काढा. पहिली मलाच द्या." ते म्हणाले, "अरे, नोटीस दिली की वाट कोर्टात जाणार. निकाल लागेपर्यंत बायांनी जायचं कुठून?" आणि पाखाडी जिथे फारच चिंचोळी झाली होती, तिथे त्यांनी स्वतःचा गडगा काढून आत घेतला. एक कोळीण थबकून म्हणाली, "आबानू, गडगा बांधताव का मोडताव?" त्यांनी हसून पुढचा दगड आत रचला. पुढच्या पावसाळ्यानंतर आम्ही आणखी पुढे सरलो, ते आणखी मागे गेले. वहिनींचा अबोलीचा वाफा त्यात गेला. "अबोली काय, परसातही येते," एवढेच त्या म्हणाल्या. मी समोरच्या ओटीवरून ते ऐकले आणि पेपर डोळ्यांसमोर धरला.

आता आबासाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवसमितीतले बहुतेक सभासद या पाखाडीवरचेच. समारंभ आबासाहेबांच्या अंगणात करावा, अशी सूचना प्रथम आली होती. तिथे मांडव मावत नाही, म्हणून शाळेचे सभागृह ठरले. का मावत नाही, हे बैठकीत कुणी बोलले नाही. मीही नाही. शाल मात्र चांगली उंची आणायची, यावर सर्वांचे एकमत झाले.

आबासाहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आम्हां शेजाऱ्यांना लाज वाटून आमचे गडगे जुन्या पायावर परत जातील, निदान तोवरचे तरी देवाने त्यांना द्यावेच. आमचा स्वभाव पाहता, ते शंभरीच्या बरेच पुढे जायला हवे.