ग्युरी गुडघ्यांची डॉक्टर नव्हे

मालसुनची मुलगी पुसान शहरातून कायमची परत येणार, ही बातमी आमच्या बाजारात खुद्द मालसुननंच पसरवली. तिचं दुकान सुक्या मांदेलीचं, माझं समुद्री शेवाळाचं. मध्ये फक्त एक ताडपत्री. त्यामुळे ती हळू बोलली तरी मला ऐकू येतं, आणि हळू बोलणं तिला जमतच नाही.

"आमची ग्युरी येतेय. इथंच दवाखाना काढतेय, जाळ्यांच्या दुकानाच्या वर," पुडा बांधता बांधता ती गिऱ्हाइकाला सांगायची.

"अगंबाई! कशाची डॉक्टर आहे ती?"

इथं मालसुनचा हात जरा थांबायचा. मग ती म्हणायची, "गुडघ्यांची."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी ताडपत्रीआडून डोकं बाहेर काढलं. "गुडघ्यांची? कधीपासून गं?"

"मिर्यांगवाले, तू आपलं शेवाळ वीक."

माझं माहेर मिर्यांगचं, म्हणून इथं सगळे मला याच नावानं हाक मारतात. ग्युरी मात्र मावशी म्हणते. तिला मी रांगत्या वयापासून ओळखते. आई मासे निवडायला बसली की पोरगी माझ्या दुकानात, शेवाळाच्या ढिगाऱ्यावर. आमच्याकडे बाळंतिणीला शेवाळाचं सूप देतात, त्यामुळे कोणीही जुडी उचलली की ही कार्टी विचारायची, "कुणाला बाळ झालं? मुलगा की मुलगी? आईला दुखतंय का अजून?" एकदा एका शाळामास्तरांनाच तिनं विचारलं. ते बिचारे एकटे राहायचे, घरी खायला नेत होते. मी तिला रागावले, तर म्हणते, "विचारल्याशिवाय कसं कळणार?"

हाच चोंबडेपणा पुढं तिच्या कामी आला. पुसानला ती बायकांची डॉक्टर झाली. मालसुनला वाटत होतं, आता पोरगी बाळंतपणं करेल, लोक पेढ्यांसारखे तांदळाचे केक आणून देतील. पण ग्युरीचं लक्ष वेगळ्याच बायकांकडे गेलं. त्या दर महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या. ओटीपोटात दुखतं, बसवत नाही, लघवीला आग होते, नवऱ्यानं जवळ घेतलं तर जीव जातो. तपासण्या स्वच्छ. वरिष्ठ डॉक्टर फाईल मिटून म्हणायचे, "काही नाही. मन रमवा." बाई घरी जायची, पुन्हा यायची. एका सणाला घरी आली तेव्हा ग्युरी मला म्हणाली, "मावशी, इतक्या जणी एकच खोटं कशाला बोलतील?" मग तिनं त्या दुखण्याचंच पुढचं शिक्षण घेतलं. त्यासाठी दोन वर्षं परदेशातही राहून आली. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याची डॉक्टर. पुरुषांनाही हे दुखणं होतं, हे मला तिच्याकडूनच कळलं.

हे सगळं मालसुनला ठाऊक होतं. पण बाजारात सांगताना तिची जीभ घसरायची ती थेट गुडघ्यावर.

दवाखाना उघडला आणि आठवडाभर जिन्यावर रीघ. कुणी काठी टेकत, कुणी कठड्याला लोंबकळत, कुणी दर पायरीला देवाचं नाव घेत. इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्याच शनिवारी ग्युरी डॉक्टरी कोटातच बाजारात आली आणि आईच्या दुकानासमोर उभी राहिली.

"आई, तू सगळ्यांना काय सांगितलंस?"

"काय सांगितलं? डॉक्टर आहेस म्हणून सांगितलं."

"कशाची?"

मालसुन मांदेली चाळायला लागली. "मग काय, भर बाजारात ओरडून सांगू, माझी पोरगी खाली कुठं बघते ते?"

"निदान दातांची तरी म्हणायचंस! दातवाले चढून आले असते. गुडघेवाल्यांना दुसऱ्या मजल्यावर चढवलंस तू!"

मी हसू दाबायला शेवाळ तोंडावर धरलं. मालसुननं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते तसंच धरून ठेवलं.

पण ग्युरीनं त्या गुडघेवाल्यांना हाकललं नाही. हाडांच्या डॉक्टरचा पत्ता द्यायची, चिठ्ठी द्यायची, आणि माणूस उठायला लागलं की विचारायची, "आणखी कुठं दुखतं?" विचारून गप्प बसायची. घाई नाही, घड्याळाकडे नजर नाही. काही बायका "नाही" म्हणून निघून जायच्या. काही दारापर्यंत जायच्या आणि परत येऊन बसायच्या.

नान्ही त्यातली. बंदरावरच्या शेडमध्ये कालवं फोडायचं काम करते, चाळिशीची, हात असा चालतो की बघत राहावं. दुपारी माझ्याकडे घटकाभर टेकायला यायची. टेकायला म्हणजे खरंच टेकायला. खांबाला पाठ लावून उभी. मी स्टूल पुढं केलं की म्हणायची, "असू दे मावशी, दिवसभराची सवय झालीय." एके दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या गुडघ्यांच्या डॉक्टरकडे याल का माझ्याबरोबर?"

"तुझे गुडघे तर धडधाकट आहेत."

"हो," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी दुकान मालसुनच्या हवाली केलं आणि गेले. आत ग्युरीनं विचारलं, "मावशी बाहेर थांबू देत की आत?" नान्हीनं माझी बाही धरली. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

नान्ही बोलायला लागली ती थांबेचना. मुलगी झाल्यापासूनचं दुखणं. आधी पाळीपुरतं, मग रोजचं. तीन डॉक्टर झाले. सोनोग्राफीत काही नाही. सासू म्हणाली, दुसरं मूल होऊ दे, आपोआप जाईल. एक वैदू म्हणाला, पोटात थंडी शिरलीय. नवरा चांगला आहे, पण आता तोही रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतो. "डॉक्टर, मला वाटायला लागलंय की मी ढोंग करते. आणि मलाच ते कळत नाही."

ग्युरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "ढोंग करणारी बाई दुखणं लपवायला दिवसभर उभी राहत नाही."

मग तिनं तपासलं. आधी प्रत्येक गोष्ट सांगून, विचारून, "थांब म्हणालीस की मी थांबणार" असं म्हणून. मी कॅलेंडरवरचे मासे मोजले. पडद्याआडून एकदा नान्हीचा आवाज आला, "हेच! हेच ते!" त्या आवाजात दुखण्यापेक्षा आनंद जास्त होता. हरवलेली वस्तू सापडावी तसा.

"कंबरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते," ग्युरीनं दोन्ही हात जोडून खोलगट करून दाखवले. मग मूठ आवळली. "तुझी ही अशी आवळून बसलीय. पहिलं कारण काहीही असेल, ते आपण शोधूच. पण आता ही मूठच दुखतेय. सोनोग्राफीत मूठ दिसते का? नाही दिसत."

"मग आता ऑपरेशन?"

"मूठ उघडायला ऑपरेशन कशाला? शिकवावं लागतं तिला." शिकवायचं काम हानुलचं. ती ग्युरीबरोबर पुसानहून आलेली फिजिओथेरपिस्ट, हात पहिलवानाचे, आवाज चिमणीचा. शिवाय नसा शांत करणारं एक हलकं औषध, पोटातून श्वास घेण्याचा सराव, गरम पाण्याची पिशवी. "वर्ष लागेल. सगळंच जाईल असं वचन देत नाही. पण आहे तसं राहणार नाही. आणि हे सांग, दिवसभरात पाणी किती पितेस?"

"पाणी?" नान्ही गोंधळली. "शेडमध्ये कोण पितं? प्यायलं की जावं लागतं."

ग्युरीनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही?"

आता मी काय सांगणार? बाजाराचा संडास पार त्या टोकाला, बर्फाच्या कारखान्यामागे. दुकान सोडून कोण जातं? आम्ही सगळ्या तोंड कोरडं ठेवून बसायचो आणि याला अंगवळणी पडणं म्हणायचो.

दोनेक महिन्यांनी नान्ही माझ्या स्टुलावर बसली. थोडाच वेळ, एका कुशीवर, पण बसली. शेडमधल्या बायकांनी ते पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये एकेकीचा गुडघा दुखायला लागला.

बाजाराची भाषाच बदलली. "तुझा गुडघा कसा आहे?" "काल बरा होता, आज पाळी आली ना, ठणकतोय." पस्तिशीच्या पोरी जिना दोन दोन पायऱ्या टाकत चढायच्या आणि वर जाऊन गुडघा दुखतो म्हणायच्या. एक दिवस प्यो तांडेल आला. मोठी बोट, मोठा आवाज, मिशा त्याहून मोठ्या. त्यानंही दवाखान्यात लाजत लाजत सांगितलं, गुडघा दुखतो म्हणून. तेव्हा टेबलाशी हानुल होती. नवी, तिला काय ठाऊक? तिनं विचारलं, "डावा की उजवा?"

तांडेलानं बराच विचार केला. "मधला," तो म्हणाला.

हे त्यानंच सोजू दारूच्या तिसऱ्या पेल्यानंतर सगळ्यांना सांगितलं, नाहीतर आम्हाला कुठून कळणार? तासन्तास सुकाणूशी बसून त्यालाही तेच दुखणं जडलं होतं. वर्षानुवर्षं प्रोस्टेटच्या गोळ्या खात होता बिचारा.

ग्युरीनं त्या सुमारास एक धाडस केलं. व्यापारी संघाच्या बैठकीत बोलायला वेळ मागितला. बाजाराच्या या टोकाला बायकांसाठी संडास हवा, शेडजवळ एक हवा, आणि कामाच्या मध्ये जायला सुट्टी हवी. उभी राहून ती नम्रपणे बोलली. जास्तच नम्रपणे. मूत्राशय, स्नायू, ताण, असे शब्द आले. बायका चपलांकडे बघत बसल्या. संघाचे अध्यक्ष इम यांनी जांभई आवरली आणि ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्या ज्ञानाचा आदर आहे. पण गुडघ्यांचा आणि संडासाचा संबंध काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. ग्युरीनं तोंड उघडलं आणि तिचा चेहरा मला लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसा दिसला.

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मालसुन उभी राहिली होती.

"गुडघ्यांची नाही ती," मालसुन म्हणाली. हॉलमध्ये माईक होता, तिला लागला नाही. "मी खोटं सांगत होते. बायकांना ओटीपोटात दुखतं, मुतायला त्रास होतो, नवऱ्याजवळ निजायला त्रास होतो, त्याची डॉक्टर आहे माझी पोरगी. आणि चांगली आहे. इमसाहेब, मी या बाजारात तुमच्या वडिलांच्या काळापासून बसते. सकाळी पाणी न पिता बसते. तुम्ही या की एक दिवस माझ्या जागी. मांदेली मी शिकवीन विकायला, कळ काढायला तुमची तुम्ही शिका!"

ग्युरी आईकडे बघतच राहिली. मग मागच्या रांगेतून नान्ही उभी राहिली. "मी तिची पेशंट आहे." मग शेडमधल्या आणखी दोघी. मग भिंतीजवळून प्यो तांडेलाचा गडगडाट, "मी पण!"

हसण्यानं हॉल फुटायचा बाकी राहिला. अध्यक्षही हसले, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. तरी संडास बांधायला त्यांनी वर्ष लावलंच. आधी निविदा, मग पाऊस, मग नळच उलटा बसवला. पण आज तो आहे, आतमध्ये आरसासुद्धा आहे, आणि मालसुन त्याच्या स्वच्छतेवर अशी नजर ठेवते की आत जाणाऱ्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

बैठकीच्या त्या संध्याकाळी मायलेकी माझ्या दुकानामागे बसून नूडल्स खात होत्या. ग्युरी म्हणाली, "आई, एवढ्या लोकांत म्हणालीस."

"म्हणाले. खा आता, फुगतील ते." जरा वेळानं, वाटीत बघत, "हा पाणी न पिण्याचा त्रास... म्हातारपणी पण बरा होतो का?"

"सोमवारी ये. सगळ्यांसारखा नंबर लाव."

"आईला नंबर?"

"आईला पहिला नंबर. पण लाव."

सगळेच बरे झाले असं नाही. एका शिंपिणीला काहीच लागू पडलं नाही. तिला ग्युरीनं पुसानला तिच्या जुन्या सहकाऱ्यांकडे पाठवलं, तिथं तिच्या आतड्याला चिकटलेलं काहीतरी निघालं आणि शस्त्रक्रिया झाली. एक जण दोनदा येऊन गेला, तो पुन्हा आलाच नाही. ग्युरी अशा लोकांची नावं घेत बसते, तेव्हा मी तिला गोड बटाटा भाजून देते. खाताना माणूस जरा गप्प बसतो.

यंदा वसंतात बाजारातल्या बायकांनी फुलं बघायला जायला बस केली. नान्ही पहिल्यांदाच आली. जाताना सगळा रस्ता बसून काढला तिनं. हानुलनं शिवून दिलेली मधोमध भोक पाडलेली गादी होती खाली. वाटेतल्या विसाव्याला आम्ही सगळ्यांनी अक्रोड भरलेले छोटे गरम केक खाल्ले. ग्युरी परतताना आईच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली, आणि मालसुननं माईक हातात घेऊन खांदा न हलवता गाणं म्हटलं, सूर मात्र सगळीकडे हलत होता.

अर्ध्या वाटेत नान्ही उठून उभी राहिली. "आता दुखतंय," ती म्हणाली, चांगली मोठ्यानं. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे न बघता तिला धरायला हात दिला, आणि ती तशीच उभ्यानं टाळ्यांच्या ठेक्यावर डोलत राहिली.