हौदातला पहिला नंबर

लोकांची मुलं परदेशात जाऊन घर घेतात, गाडी घेतात. सुतारबाबांच्या मुलाने चर्च काढलं. दुकान काढावं तसं काढलं, असं सुतारबाबांचं मत. आधी जागा बघितली, मग भाड्याची बोलणी केली, मग दारावर पाटी लावली आणि गिऱ्हाइकांची वाट बघत बसला. अर्थात 'गिऱ्हाईक' हा शब्द ते मनातल्या मनातच वापरत. मुलगा पाळक होता, आणि पाळकाशी बापालासुद्धा जरा जपूनच बोलावं लागतं.

बायको गेल्यावर वर्षभर सुतारबाबा घरात एकटेच होते. मुलाचा फोन आला की इथे हातांची फार गरज आहे बाबा, सहा महिने या. म्हाताऱ्या बापाला बोलवायचं निमित्त असेल, असं त्यांना वाटलं. पण आल्यावर कळलं की गरज खरोखरच हातांची होती. चर्च एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर भरायचं, आणि आठवड्याचे सहा दिवस त्या हॉलमध्ये कराटेचा क्लास चाले. रविवारी सकाळी जायचं, गाद्या गुंडाळायच्या, तिन्ही भिंतींवरच्या मोठमोठ्या आरशांवर चादरी टांगायच्या, खुर्च्या मांडायच्या आणि दुपारी पुन्हा सगळं होतं तसं करून ठेवायचं. चादरी नसल्या तर माणसं डोळे मिटायच्या ऐवजी स्वतःकडेच बघत बसतात, असा मुलाचा अनुभव होता. पायांचा वास मात्र कुठल्याच चादरीने झाकला जात नव्हता.

सुतारबाबांनी महिन्याभरात घडी घालता येणारं प्रवचनाचं टेबल केलं, चादरींसाठी दांड्या केल्या, उभा राहणारा आणि पुन्हा पेटीत मावणारा क्रूस केला. मंडळी खूश झाली. येशूही सुतारच, त्यामुळे सुतार म्हटल्यावर चर्चमधल्या प्रत्येकाला एकच विनोद सुचतो, आणि तो इथल्या भाषेतही तोच आहे हे त्यांना हातवाऱ्यांवरून कळायचं. ते हसून घेत. येशूला कधी कोणी ड्रॉवर अडकतो म्हणून बोलावलं नसेल, असं एकदा सूनबाईंना म्हणाले, तेव्हा ती पोट धरून हसली आणि हे ह्यांना सांगू नका म्हणाली.

मंडळी म्हणजे तरी किती? एका लांब बाकावर सगळे बसले असते. त्यात सुतारबाबांची गट्टी जमली ती दोघांशी. एक पाववाला, बेकरीत पहाटेची पाळी करून तसाच पिठाच्या हातांनी येणारा. दुसऱ्या लोकरवाल्या आजी, ज्या प्रवचनभर विणत राहायच्या. आजींना मराठी येत नव्हती आणि बाबांना त्यांची भाषा, पण दोघांचे गुडघे एकाच बाजूचे दुखत होते, तेवढं बोलायला पुरत होतं.

मग एक दिवस मुलगा हौद घेऊन आला. हौद म्हणजे गुरांना पाणी पाजायचं मोठं प्लॅस्टिकचं टाकं, कुठल्यातरी शेतीच्या दुकानातून स्वस्तात मिळालेलं. चर्चचा पहिला बाप्तिस्मा होणार होता. माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून, वर काढून. सुतारबाबांनी टाक्याच्या आतबाहेर पायऱ्या करायच्या होत्या, म्हाताऱ्या माणसालाही धरून उतरता येईल अशा.

ते फळी कापत असताना मुलगा म्हणाला, "बाबा, पहिला नंबर तुमचा."

पायऱ्या चढून बघायचं म्हणतोय असं वाटून सुतारबाबा म्हणाले की आधी होऊ तर दे.

"तसं नाही. बाप्तिस्म्याचं म्हणतोय."

"माझा झालाय की."

"तो लहानपणी झाला, बाबा. डोक्यावर पाणी शिंपडून. तेव्हा तुम्हाला काय कळत होतं? माणसाने समजून उमजून, स्वतःच्या इच्छेने घ्यायचा असतो. मीपण पुन्हा घेतला ना, कॉलेजात असताना. नदीवर. तुम्हाला आणि आईला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की सुतारबाबांना नीट दुखायलाही वेळ लागला. ते बरं म्हणाले. मुलगा पाठीवर थाप मारून निघून गेला. करवत पुढे चालली आणि रेघ सोडून तिरकी गेली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग त्यांनी फळी बाजूला ठेवली आणि नुसते बसून राहिले.

मुलाला माहीत नव्हतं ते हे. तो सातव्या महिन्यात झाला होता. निळसर, मुठीएवढा. डॉक्टर तोंडाने काही बोलत नव्हते, पण नर्सने हळूच सांगितलं की तुमच्या पाळकांना बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. पाळकसाहेब धावत आले. वॉर्डातल्याच एका वाटीत बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं. आईला उठवत नव्हतं, म्हणून बाळाला बापाने धरलं. तो वाचला. पुढे आईने बजावलं की हे त्याच्या कानावर घालायचं नाही, पोर भित्रं होईल. म्हणून त्याला एवढंच ठाऊक होतं, की तुझा लहानपणीच झालाय. आणि आता तो सांगत होता की ते काही खरं नव्हतं. सुतारबाबांना फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, रागात बोलून मोकळं होता येतं.

बोलायचं तर होतंच. त्यांनी मनाशी वाक्य बसवलं: मला पुन्हा घ्यायचा नाही, बाळा. एवढंच. पण ते वाक्य काही केल्या बाहेर पडेना. हौद लाँड्रीच्या अरुंद जिन्यातून वर चढवताना त्यांनी विषय काढला, तर खालून मुलगा म्हणाला, भिंतीला घासतंय, जरा डावीकडे घ्या. गाडीत काढावा तर तो स्टिअरिंगवर बोटं आपटत प्रवचन पाठ करत होता. जेवताना काढायचं ठरवलं, तर मुलाने जेवणाआधीच्या प्रार्थनेत बापासाठी देवाचे इतके आभार मानले की आमटी निवली. त्यानंतर कोणत्या तोंडाने बोलणार?

शेवटी त्यांनी सूनबाईंना गाठलं. ती हॉस्पिटलात काम करायची, घर तिच्याच पगारावर चालायचं, आणि तिचं बोलणं एक घाव दोन तुकडे. तिने सगळं ऐकून घेतलं, वॉर्डातल्या वाटीपर्यंत. मग म्हणाली, "बाबा, हे मला नका सांगू, त्यांना सांगा. मी मध्ये पडले तर दोघांकडून बोलणी खाईन." आणि जरा थांबून तिने बाकीचंही सांगून टाकलं. ज्या मोठ्या चर्चच्या आधारावर हा हॉल चालत होता, तिथले दोन पाहुणे बाप्तिस्म्याच्या रविवारी येणार होते. तीन वर्षं झाली, मंडळी वाढत नाही, मग पुढे आधार द्यायचा की नाही, हे ते बघून ठरवणार. मुलाने त्यांना मोठ्या अभिमानाने कळवलं होतं की माझे वडीलच सर्वांत आधी उतरणार आहेत. लोकरवाल्या आजीही बाबा उतरले तरच मी, असं म्हणून बसल्या होत्या.

"ह्यांना झोप लागत नाहीये," सूनबाई म्हणाली. "दाखवत नाहीत इतकंच."

झालं. आता सुतारबाबांचीही झोप गेली. नाही म्हणावं तर मुलाच्या तीन वर्षांवर पाणी. हो म्हणावं तर त्या वाटीतल्या पाण्यावर. त्यांनी पायऱ्यांना दोनदा पॉलिश पेपर मारला, मग तिसऱ्यांदा मारला, कठडा हलवून हलवून बघितला. पायऱ्या चांगल्याच झाल्या होत्या. पायऱ्यांमुळे काही बिघडेल ही आशाही उरली नाही.

शनिवारी मुलाने सगळं समजावून सांगितलं. तो आधी इथल्या भाषेत प्रश्न विचारणार, मग मराठीत. बाबांनी मराठीतच उत्तर द्यायचं, तो लोकांना त्यांच्या भाषेत सांगणार. "तुम्ही फक्त म्हणायचं, हो, माझ्या इच्छेने आलोय. बाकी मी आहे." समजावताना तो स्वतःची नखं कुरतडत होता. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी कुरतडायचा तशीच. सुतारबाबा बघत राहिले आणि बोलायचं पुन्हा राहून गेलं.

रविवारी पाणी भरायला सकाळ गेली. बाथरूमच्या नळाला पाइप लावून टाकं भरलं, ते बर्फासारखं गार. पाववाल्याने दोन किटल्या गरम पाणी ओतलं, उंटाच्या तोंडात जिरं. पाहुणे आले, पुढच्या रांगेत बसले, कोट अंगातच ठेवले. मुलाने प्रवचन केलं. अर्थ कळला नाही तरी मुलाचा आवाज नेहमीपेक्षा वर चढलाय, हे सुतारबाबांना कळलं. मग मुलगा हौदात उतरला. कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून त्याने हात पुढे केला.

सुतारबाबा पांढऱ्या सदऱ्यात उठले. एक पायरी, दुसरी पायरी. गार पाणी पोटरीला लागलं, कमरेला लागलं. मुलाने एक हात त्यांच्या पाठीमागे धरला. सगळे हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. आजींनी विणकाम मांडीवर ठेवलं होतं.

मुलाने इथल्या भाषेत विचारलं. मग मराठीत विचारलं, "बाबा, स्वतःच्या इच्छेने आलात ना?"

हो म्हणायला ते तयार होते. अगदी ओठांवर आणलं होतं. पण प्रश्न देवाच्या नावाने विचारलेला होता आणि खोटं बोलायची सवय नव्हती.

"नाही," सुतारबाबा म्हणाले. "तुझ्यासाठी आलोय. माझा झालाय. तुझाही झाला होता, बाळा. दवाखान्यात. तू जगत नव्हतास, आणि मी धरलं होतं तुला."

पाठीमागचा हात एकदम घट्ट झाला. सदरा मुठीत आला. लोक अजून हसतच होते, कारण त्यांना शब्द कळला नव्हता. ते वाट बघत होते की पाळक आता सांगेल, बाबा हो म्हणाले. त्याने तेवढंच सांगितलं असतं तरी सूनबाईंखेरीज कोणाला काही कळलं नसतं. सुतारबाबांच्याही मनात आलं, सांग रे तसंच, बुडव आणि उरकून टाक. ही इच्छा त्यांना स्वतःलाच फार भित्री वाटली.

मुलाने मुठीतला सदरा सोडला नाही. त्याचे ओठ निळे पडले होते. मग तो लोकांकडे वळून बोलायला लागला, आणि एका वाक्यात थांबला नाही. पाहुण्यांचं हसू आधी मावळलं, मग बाकीच्यांचं. बोलून झाल्यावर त्याने बापाला बुडवलं नाही. दंडाला धरून पायऱ्यांवरून वर आणलं. सूनबाईंनी टॉवेल गुंडाळला.

"काय सांगितलं त्याने?" सुतारबाबांनी विचारलं. दात वाजत होते.

"तुम्ही बोललात तेच," ती म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडे केला नाही." आणि तिने तोंड फिरवलं.

पुढचा नंबर आजींचा होता. त्या हौदापर्यंत गेल्या, कठडा धरून मुलाशी हळू आवाजात काही बोलल्या आणि परत येऊन जागेवर बसल्या. त्यांचाही आईच्या मांडीवर झाला होता, हे मागाहून समजलं. पाववाला तेवढा उतरला. त्याचा कुठेच, कधीच झाला नव्हता. मुलाने त्याला नीट धरलं, बुडवलं, वर काढलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या मोजूनमापून. पाहुण्यांनी चहा घेतला नाही. कळवतो म्हणाले, हात मिळवले आणि गेले.

दुपारी हॉल रिकामा करायचा होता. पाइपने पाणी नीट जात नव्हतं, म्हणून बापलेक बादल्यांनी हौद उपसत होते. सूनबाई चादरी काढत होती. शेवटी सुतारबाबांनीच विचारलं.

"घालवलं का रे मी तुझं सगळं?"

"माहीत नाही, बाबा."

तो खरंच सांगत होता. तो बादली भरून बाथरूमकडे गेला, रिकामी करून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. मग हौदापाशी थांबला. बापाकडे न बघता म्हणाला, "मी रडलो होतो का? तेव्हा."

"रडायला तुझ्यात जीव कुठे होता? मी रडलो. पाळकसाहेबांनी विचारलं, बाळाचं नाव काय ठेवायचं, तर मला तोंडातून शब्द काढता येईना."

"मग?"

"मग आईने खाटेवरून सांगितलं. तिला मान उचलवत नव्हती, पण एवढ्या मोठ्याने ओरडून सांगितलं की वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून बघितलं."

मुलाने बादली खाली ठेवली. मग ओल्या पायरीवर बसला. बाहेर जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजली, ती लाँड्रीत गेली. कराटेवाला येऊन गाद्या ओल्या का म्हणून विचारेल, ही सुतारबाबांना आता नवी काळजी लागली होती.

"बसा, बाबा," मुलगा म्हणाला. "पहिल्यापासून सांगा."