बाबांनी आणलेला फिल्टर

नव्या वॉशरच्या रबराचा वास आला की आखातातल्या आमच्या करामा वस्तीतली ती दुपार आठवते. आम्ही इथे समुद्राचं पाणी गोडं करून पितो हे ऐकून बाबा गावाहून येताना बॅगेतून चक्क वॉटर फिल्टरच घेऊन आले होते. पण त्याचा जॉइंट आमच्या नळाला काही बसेना. बाटलीचं पाणी पुढे केलं, तर म्हणाले, “विकतचं पाणी कशाला? लाव तू, मी थांबतो.” मी जॉइंटचा फोटो काढून उन्हात हार्डवेअरच्या दुकानाकडे धावलो. दुकानदार मोबाइलमधल्या फोटोकडे बघून हसला. “हबीबी, फोटो से साइज कैसे पता चलेगा? सॅम्पल लाओ.” परत घर, जॉइंट खिशात, परत दुकान. सिग्नलला थांबलो तरी सारखं घड्याळ बघत होतो. म्हातारा माणूस सकाळपासून तहानलेला आणि मी आटे जुळवत हिंडतोय! अखेर नव्या वॉशरसह जॉइंट बसला. फिल्टरमधल्या कोळशानं काळपट झालेलं पहिलं पाणी ओतून द्यायचं म्हणून मी ग्लास बेसिनवर धरला, तर बाबांनी तो काढून घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला. “गोड आहे,” म्हणाले. आता बाबा नाहीत. फिल्टरची कार्ट्रिज बदलली की पहिला ग्लास मात्र माझ्याच्यानं ओतून टाकवत नाही.