नाव खोडलं, पण मावशी तिथेच होत्या

मागच्या रविवारी नेकनूरला घरीच होते. मी लॅपटॉप घेऊन, शेजारी आई गवारीच्या शेंगा मोडत बसलेली... आणि मी स्वतःवर भलतीच खूश.

माझी पीएचडी बायकांच्या मानसिक आरोग्यावर आहे. जिल्ह्यात फिरून घेतलेल्या मुलाखती इंग्रजीत करायचं काम महिनाभर मानगुटीवर बसलं होतं, आणि AI ते चुटकीसरशी करतं म्हणे. युनिव्हर्सिटीने मात्र बजावलं होतं, की लोकांची ओळख काढल्याशिवाय असल्या टूलमध्ये काही टाकायचं नाही.

ते मी अगदी मन लावून केलं होतं. नावं, गावं, वयं, मोबाईल नंबर... सगळं साफ. पहिली मुलाखत पेस्टही करून झाली होती, फक्त पाठवायची बाकी होती.

ती एका मावशींची. सासरी कुणाला न कळू देता त्या डिप्रेशनच्या गोळ्या घेतात. घरी सांगितलंय की दुसऱ्याच कशाच्या आहेत... कशाच्या, ते इथे लिहीत नाही. कळलं तर वेडी ठरवून माहेरी धाडतील, हे त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं. कुणालाच कळणार नाही, असा शब्द मी दिला होता.

सुरुवातीलाच एक आपल्याकडचा शब्द होता, त्याचं इंग्रजी मशीनला जमेल असं वाटेना. आईला नेमका अर्थ विचारावा म्हणून पहिल्या चार ओळी वाचून दाखवल्या. त्यात फक्त मावशींचं रोजचं काम होतं, गोळ्यांचं अजून काही आलं नव्हतं.

आईने मान वर न करता सांगितलं, ही कोण ते. गावात कामावरून त्यांना जे म्हणतात, अगदी तेच. वर म्हणाली, "लई दिवसात भेट न्हाई तिची. बरी हाय का?"

आईचं माहेर त्या भागातलं, पण तिकडे जाऊनही तिला वर्षं झालीत. समजा, गावात एकच बाई स्कूटीवरून दूध घालते (खरं काम वेगळंच आहे), तर तिचं नाव खोडून काय उपयोग? मी मुलाखत पुढे वाचलीच नाही, पेस्ट केलेलं सगळं पुसलं. आईला म्हटलं, कोण आहे ते मला सांगता येणार नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत शेंगा मोडायला घेतल्या.

सोमवारी गाइड मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलाखतींचं भाषांतर तू हाताने कर, AI ला हवं तर तुझं स्वतःचं इंग्रजी तपासायला दे. मंगळवारी एसटी पकडून मावशींकडे गेले आणि सगळं कबूल केलं, आईने ओळखलं तेसुद्धा. पाठवलं नव्हतं... पण पाठवणार तर होतेच.

मला वाटलं, आता मावशी म्हणतील की माझी मुलाखत फाडून टाका.

पण त्या म्हणाल्या, "मॅडम, नाव तर नुसतं आधार कार्डावर हाय. गावात मला नावानं कोण हाक मारतंय?"

मला फार लाज वाटली. त्यांनीच चहा टाकला आणि म्हणाल्या, वाचा. मी एकेक ओळ वाचत गेले, त्या सांगत गेल्या... ही राहू द्या, ही न्हाई, हिच्यावरून जाऊबाईला कळंल. संमतीच्या फॉर्मवर मी त्यांची सही दोन मिनिटांत घेतली होती. या कामाला अख्खी दुपार गेली.

आता भाषांतर हाताने चाललंय, रोज जेमतेम एक पान. गाइड मॅडम हसतात... हसू देत.

ही पोस्टही काल मावशींना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी एक ओळ काढायला लावली. खरं सांगू? पोस्टमधली सगळ्यात चांगली ओळ तीच होती, पण ती माझी नव्हती. काढली.