तिघींचा एक ड्रेस

त्या दोन वर्षांत आमच्याकडं बाकी काही म्हणजे काही साठलं नाही, किस्से तेवढे पोत्यानं साठले. परवा अक्काच्या घरभरणीला तिघी भेटलो, जेवणं झाली आणि सुरू झालो. तिच्या नव्या सोफ्यावर बसलेल्या एक पाहुण्याबाई शेवटी न राहवून म्हणाल्या, "अहो, एवढे हाल झाले तुमचे आणि तुम्ही हसताय कसल्या?" मी म्हटलं, "हाल कुणाचे झाले? आम्ही ज्यांच्या वाट्याला गेलो त्यांचे झाले! ऐका तर."

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. कोल्हापुरात एम.ए. करायला आलेल्या आम्ही तिघी. मी हुपरीजवळच्या गावची. वडील मजुरीला जायचे आणि आई घरात बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरं लावायची. अक्का गडहिंग्लजकडची. तिचं खरं नाव कस्तुरी, पण त्या भागात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि ती जन्मतःच थोरली होती. तिची आई मिरचीच्या वखारीत देठं खुडायची. तिसरी शोभा, नृसिंहवाडीची. तिचे वडील, आप्पा, देवळाच्या वाटेवर हार-नारळ विकायचे.

शोभाच्या दादानं तिला एका अटीवर पाठवलं होतं. "ज्या दिवशी घरी पैसं मागशील त्या दिवशी परत यायचं. मग लगीन." त्यामुळं आमचं पहिल्या दिवशीच ठरलं, की एम.ए. झाल्याशिवाय कुणीच परतायचं नाही, आणि शोभानं तर नाहीच नाही.

एक आधीच सांगते. कोल्हापूरकडच्या पोरी "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला ते खटकतं. खटकू दे!

* * *

आधी खोली. राजारामपुरीत खोल्यांना तोटा नव्हता. पहिल्या घरी बाईंनी खोली दाखवली, नळ दाखवला, पाण्याची वेळ सांगितली आणि मग विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. बाईंना एकदम आठवलं, की त्यांचा भाचा शिकायला येणार आहे!

दुसऱ्या घरी सांगलीचा भाचा निघाला. तिसऱ्या घरी साताऱ्याचा. आमचं घर बौद्ध, त्यामुळं हे भाचे मला लहानपणापासून ठाऊक होते. अक्का आणि शोभाला ते पहिल्यांदाच भेटत होते. मी म्हटलं, "तुम्ही दोघी घ्या की खोली, मी बघतो दुसरीकडं." तर अक्का अंगावरच आली. "गप बस! तिघी म्हंजे तिघी!"

चौथ्या घरी जिन्याखालीच अक्कानं मालकीणबाईंना गाठलं. त्या "या" म्हणायच्या आत हिनं तिघींची गावं, आडनावं, जाती सगळं एका दमात सांगून टाकलं आणि वर म्हणाली, "काकू, भाचा येणार आसला तर आत्ताच सांगा. ऊन लई हाय, उगं जिना चढवू नका!"

काकूंनी तिघींना खालवर न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मला चार भाचे हायत. मामा वारल्यापास्नं एकबी हिकडं फिरकला न्हाय. चढा वर!"

* * *

जेवण गावाकडनं यायचं. माझी आई पहाटे उठून डबा करायची, सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायची, स्टँडवर आम्ही घ्यायचा. रिकामा डबा दुपारच्या गाडीनं परत. मेसचा खर्च वाचायचा. आमच्यासारखी दहाबारा पोरंपोरी रोज त्या गाडीची वाट बघत उभी असायची.

आता आमच्या भागात भांड्यावर नाव असतं ते भेट देणाऱ्याचं, जेवणाऱ्याचं नाही. आणि आमच्याकडचे एक पुढारी प्रत्येक लग्नात डबाच द्यायचे, एकाच मापाचा, आपलं नाव ठसठशीत कोरून! त्यामुळं गाडीत निम्म्या डब्यांवर त्यांचंच नाव. व्हायचं तेच झालं. एकदा खोलीवर येऊन डबा उघडला, तर खर्डा-भाकरीच्या जागी मटण आणि तांबडा रस्सा!

चूक लगेच कळली. दुरुस्त करणं मात्र जमलं नाही, कारण तोवर अक्कानं भाकरी मोडली होती.

डबा घासून लख्ख केला आणि आत चिठ्ठी घालून परत पाठवला. "मावशी, चुकून तुमचा डबा आमच्याकडं आला. आम्ही खाल्ला. माफी असावी. रस्सा झकास होता, मीठ तेवढं जरा कमी." ते शेवटचं वाक्य शोभानं माझ्या नकळत घातलेलं.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं आमच्या हातात एक जादा डबा ठेवला. कडीला लाल चिंधी बांधलेली. आत पुन्हा रस्सा आणि चिठ्ठी. "मीठ वाढीवलंय. ह्यो डबा तुमचा. आता माझ्या पोराच्या डब्याला हात लावला तर कोल्हापुरात येऊन बघीन!"

* * *

सेमिनार द्यायला उभं राहायचं तर बरा ड्रेस हवा. तिघींत मिळून तसा एकच होता, निळा, अक्काच्या मापाचा. मला तो ढगळ व्हायचा, शोभाला घोट्यापर्यंत यायचा. ज्या दिवशी जिचा सेमिनार, त्या दिवशी तिचा ड्रेस.

शोभाची पाळी शेवटची होती. ती उभी राहिली तशी पुढच्या बाकावरची एक मुलगी, मोपेडवरून येणारी, मैत्रिणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "अय्या, हा ड्रेस परत आला!"

शोभा म्हणाली, "व्हय. त्याचा हा तिसरा सेमिनार हाय. काय शंका आसंल तर त्यालाच विचार, आता सगळं पाठ झालंय त्याला!"

* * *

शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो. माझ्या दाखल्यासाठी कचेरीत तीन खेपा झाल्या. दर खेपेला क्लार्क म्हणायचा, "साहेब मीटिंगात हायत, उद्या या." आणि वर एकदा हसत म्हणाला, "एवढ्या उत्पन्नात माणूस जगतंय व्हय?" मला इतका राग आला! बाहेर येऊन रडले, हेही सांगून टाकते.

चौथ्या खेपेला तिघीही गेलो. आईकडचं काम बरोबर घेतलं आणि क्लार्कच्या टेबलासमोरच्या बाकावर पैंजणं, तार, पक्कड पसरून बसलो. छुमछुम सुरू. कचेरीतली सगळी माणसं माना वर करून बघायला लागली.

"ही कचेरी हाय का कारखाना?" क्लार्क ओरडला.

अक्का मान वर न करता म्हणाली, "तुमची सही हुईस्तवर आमची मजुरी कशाला बुडवायची? तुमचं चालू द्या."

तेवढ्यात माझ्या हातातनं एक घुंगरू निसटलं आणि घरंगळत क्लार्कच्या टेबलाखाली गेलं. चांदीचा माल वजन करून मिळतो आणि वजन करूनच परत द्यावा लागतो. एक घुंगरू हरवलं तरी आईला बोलणी बसणार. मी उठून किंचाळले, "कुणी पाय हलवू नका!" अख्खी कचेरी जागच्या जागी थांबली. क्लार्कही बिचारा टेबलाखाली शिरला.

आणि नेमके साहेब बाहेर आले. टेबलाखालनं क्लार्कचे फक्त पाय दिसत होते. "काय हो, काय शोधताय?"

शोभा म्हणाली, "आमचं उत्पन्न, साहेब! चार खेपा झाल्या, आज शोधाय लागल्यात!"

दाखला त्याच दिवशी मिळाला. घुंगरू फायलींच्या गठ्ठ्यामागं सापडलं.

* * *

विद्यापीठात कमवा आणि शिका योजनेत मला ग्रंथालयाचं काम होतं. सकाळी दोन तास पुस्तकं पुसायची, लावायची. वर्गातल्या काहीजणी मला तिथं बघून ओळख द्यायच्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं, पण काम सोडणं परवडणारं नव्हतं आणि लाजणं तर त्याहून नाही.

एकदा आमचे सर वर्गावर फार तापले. एका जाडजूड ग्रंथाचं नाव घेऊन म्हणाले, "हे पुस्तक तुमच्यापैकी एकानं तरी डोळ्यांनी बघितलंय का? वाचलं नाही ते सोडा, नुसतं बघितलंय का?"

मी हात वर केला. "व्हय सर. मधल्या कपाटात खालनं दुसऱ्या ओळीत हाय. रोज मीच पुसतो."

सर खूश झाले. "बघा! हिच्याकडनं शिका जरा. मग उघडून बघितलंस की नाही?"

"बघितलं सर. आत कार्ड हाय, कोण कोण नेलं ते लिवायचं. कोरं हाय. आजपातूर एकाचंबी नाव न्हाय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुढच्या मुद्द्याकडं वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी दाराशी सर उभे. मी पुस्तक काढून दिलं, पुसून.

* * *

आणि हा शेवटचा. शेवटची परीक्षा संपायला वीस-बावीस दिवस उरले होते. दोन वर्षांत शोभानं घरी एक रुपया मागितला नव्हता. आजारपणातसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो!

तर काकूंच्या फोनवर दादाचा फोन. "स्थळ चांगलं हाय, माणसं थांबत न्हाईत. उद्या आप्पा येत्यात. गप त्यांच्यासंगं यायचं." शोभा म्हणाली, "दादा, मी पैसं मागितलंय का?" तिकडनं फोन ठेवलेला.

दोन वर्षांत शोभाला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मला वडीलमाणसांशी भांडायची सवय नाही, पण त्या रात्री मी मनातल्या मनात तिच्या आप्पांशी कडाकडा भांडले. अक्कानं तर जाहीरच केलं, "मी दारात आडवी पडतो. माझ्या अंगावरनं घेऊन जाऊ देत!"

सकाळी आप्पा आले. वाळकी अंगकाठी, धोतर, डोक्याला पटका, काखेत कापडी पिशवी. जिना चढून धापा टाकत होते. अशा माणसासमोर दारात आडवं कसं पडायचं? अक्कानं मुकाट्यानं चहा टाकला.

चहा पिऊन होईपर्यंत आम्हीच बोललो. मी सांगितलं की ही पहिल्या वर्षी वर्गात दुसरी आलीय. अक्का म्हणाली, वीस दिवसांनी काय स्थळं संपत्यात व्हय? काकू वर येऊन म्हणाल्या, पोरीच्या जेवणाचं मी बघते, तुम्हाला काही तोशीस नाही. आप्पा बशी हातात धरून ऐकत होते. शोभा भिंतीला टेकून उभी.

आप्पांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "पोरानं लई बजावून धाडलंय. शोभीला घेतल्याबिगर घरात पाऊल टाकायचं न्हाय म्हनलाय."

अक्का उठून दाराकडं निघाली.

आप्पांनी पिशवीत हात घातला. आतनं एक धुतलेलं धोतर काढलं, दोन सदरे काढले, टॉवेल काढला, तळातनं घडी घातलेलं कांबळं काढलं. सगळं मांडीवर नीट ठेवलं आणि काकूंकडं वळून म्हणाले,

"बाई, जिन्याखाली एका माणसाला पडाय जागा हुईल का? पेपर संपूस्तवर?"