हरीशी जुळणारे शब्द

काल नात गृहपाठाला बसली होती. घरातल्या कुणाच्याही नावाशी जुळणारे इंग्रजी शब्द शोधायचे होते. तिने भिंतीवरच्या माझ्या बाबांच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि सुरू झाली, "हरी, करी, फेरी..." माझ्या नाकात एकदम डिझेलचा आणि ओल्या जाळ्यांचा वास भरला.

जयगडची जेटी. वादळानंतर सगळ्यांच्या बोटी परतल्या होत्या, बाबांची तेवढी नव्हती. आई समुद्राकडे तोंड करून उभी होती. मी तिचा पदर धरून शाळेतलं नवंनवं इंग्रजी बडबडत होते. भीती वाटली की मी अशीच बडबडायचे. "हरी, करी, फेरी, वरी."

शेजारची काकी म्हणाली, "गप बस गो."

"बोलू दे तिला," आई म्हणाली, आणि माझ्यामागून पुटपुटू लागली. "करी. फेरी. वरी." बाबांचं नाव तेवढं गाळून. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणत. त्या नावाच्या जितकं जवळ जाता येईल तितकी ती जात होती.

अंधार पडला. माणसं एकेक करून घरी निघाली. तेव्हा आईने पाण्याकडे बघत जिवाच्या आकांताने हाक मारली, "हरी..."

एवढ्या मोठ्या हाकेला बाबा नक्की ओ देतील, असं वाटून मला धीर आला. आता ते नाव घेतल्याने त्यांचं काही घटणार नाही, हे आईला कळून चुकलं होतं.