नोलीन गाडी मागे घेते

तुम्हीही हसलात ना? खरं बोला. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असणार. वाळवंटातला पेट्रोल पंप. दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसलेली म्हातारी, अंगात फुलाफुलांचा गाऊन, पायांत घरातल्या मऊ सपाता. ट्रकवाला खिदळत विचारतोय, "मावशी, नवरा कुठाय?" म्हातारी म्हणते, "गेला पुढे." "आणि तुम्ही?" "मी संडासात होते." खाली रडेपर्यंत हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. पाहिलात, पुढे ढकललात, मोकळे झालात.

आता जरा बसा. ती म्हातारी माझी मैत्रीण आहे.

नोलीन हॉबडे तिचं नाव. आमच्या गावच्या, माफ्राच्या दुधाच्या कारखान्यात लोण्याच्या फिरत्या पट्ट्यावर ती माझ्या शेजारी उभी असायची. संपाच्या वेळी मॅनेजर गाडी घेऊन फाटकाशी आला, तेव्हा ही बाई घडीची खुर्ची उघडून त्याच्या चाकासमोर बसली आणि विणकाम करत राहिली. भाषणं मी करायचे, घसा मी फोडायचे, पण तो मॅनेजर हलला तो नोलीनच्या सुयांना घाबरून. तिचा नवरा क्लॅरी दुधाचा टँकर चालवायचा. पहाटेच्या धुक्यात, गोठ्यांच्या चिखलवाटांवर, जिथे दुसरे ड्रायव्हर आईच्या नावाने हाका मारायचे, तिथे क्लॅरी भलामोठा टँकर उलटा नेऊन गोठ्याच्या दाराशी असा लावायचा की मध्ये बोट जाऊ नये. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. नोलीनवर मात्र सतत ओरडायचा आणि ती त्याच्यावर. आम्ही म्हणायचो, ह्यांचं प्रेम बहिऱ्यालाही ऐकू येतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅरव्हॅन घेतली, गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, आणि निघाले देशाला प्रदक्षिणा घालायला. आमच्याकडे सगळेच जातात. उत्तरेकडे उन्हात हिवाळा काढायचा, पश्चिमेच्या समुद्रात पाय बुडवायचे आणि दक्षिणेच्या उजाड पठारावरून, जिथे झाड दिसलं की गाडी थांबवून फोटो काढतात, तिथून घरी परतायचं. नोलीन फोनवर सांगायची, "काल मासा मिळाला, क्लॅरीच्या टोपीएवढा." मागून क्लॅरी ओरडायचा, "टोपी लहान आहे, हे पण सांग!"

घरच्या वाटेवर, मडुराच्या अलीकडे, नोलीनचं डोकं ठणकायला लागलं. ती मागे कॅरव्हॅनमध्ये जाऊन आडवी झाली. चालत्या कॅरव्हॅनमध्ये बसणं कायद्याने बंद आहे, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येकाने ते केलेलं आहे. पंपावर गाडी थांबली, ती मागच्या दाराने उतरून संडासात गेली. क्लॅरीने डिझेल भरलं, पैसे दिले, बायको झोपलीय म्हणून दार हळू लावलं आणि निघाला.

इथवर विनोद. इथवर मीही हसले असते. अशा गोष्टी आमच्याकडे प्रत्येक कॅरव्हॅनवाल्याकडे असतात. एकजण तर सासूला विसरला होता, आणि ती चूक होती की नाही यावर अजून वाद आहे.

पण व्हिडिओ तिथेच संपतो. त्याच ट्रकवाल्याने नोलीनला बसवून घेतलं आणि पुढच्या पंपावर, मुंड्राबिलाला नेलं. क्लॅरी तिथेच होता. कॅरव्हॅनशेजारी टेबल मांडलेलं, खारवलेल्या मांसाची आणि बीटची सँडविचं कापून झाकलेली, चहाचे दोन कप भरलेले. चहावर साय धरली होती. म्हणजे त्याने कॅरव्हॅन उघडली होती, रिकामं अंथरूण पाहिलं होतं. आणि मागे वळला नव्हता. फोन केला नव्हता. पंपावर कुणाला विचारलंही नव्हतं. टेबल मांडून वाट बघत बसला होता.

"दुकानात एवढा वेळ?" तो म्हणाला. "चहा गार झाला बघ."

ट्रकवाल्याच्या हातातला फोन खाली आला. तेवढी तरी लाज त्याला होती.

नोलीनने गार चहा पिऊन टाकला आणि हात पुढे केला. "क्लॅरी, चावी दे."

ज्या माणसाने कित्येक वर्षांत कुणाला आपल्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, त्याने खिशातून चावी काढून देऊन टाकली. भांडला नाही. "मला भीती वाटली ती तेव्हा," नोलीन मला म्हणाली. "मी वाट बघत होते गं, आता ओरडेल, आता ओरडेल."

नोलीनने कॅरव्हॅन कधी ओढलेली नव्हती. ट्रक शेजारून गेला की सगळं घर झोकांड्या खायचं. पण ती चालवत राहिली. आणि क्लॅरी डावीकडच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागेवर बसून तिच्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने अदबीने म्हणाला, "माफ करा हं. गाडी वळवता का? माझी बायको मागे पंपावर राहिलीय."

"अरे क्लॅरी, मीच ना ती! आले ना परत!"

"नाही हो. आमची नोलीन गाडी चालवत नाही."

कळलं तुम्हाला? त्याला घरी न्यायचं तर तिने स्टिअरिंग धरायला हवं. आणि स्टिअरिंग धरलेली बाई त्याच्या लेखी नोलीन असूच शकत नव्हती. रस्ताभर नवरा बायकोला विनवत होता, माझ्या बायकोला आणायला परत चला. "थंडी वाजत असेल तिला. स्वेटर पण इथेच आहे," म्हणून तिचाच स्वेटर तिला दाखवत होता.

सेडुनाच्या नाक्यावर, कीड पलीकडे जाऊ नये म्हणून, पूर्वेकडे जाणाऱ्यांची फळं तपासतात आणि काढून घेतात. तिथल्या तरुण मुलीने विचारलं, "सफरचंद, टोमॅटो, काही आहे?"

"फळं घ्या सगळी," क्लॅरी म्हणाला, "पण ह्या बाईंना थांबवा. माझी बायको मागे टाकून मला घेऊन चालल्यात."

त्या मुलीने नोलीनला खाली उतरवलं, लायसन्स बघितलं, दोघांचं आडनाव बघितलं, आणि मग तिचे डोळे भरून आले. "माझे आजोबा असेच होते," एवढं बोलून तिने टोमॅटोसुद्धा तपासायचे सोडून दिले. नोलीननेच पिशवी तिच्या हातात ठेवली. "नियम आहे, बाळा. घे."

सेडुनाच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. हे आजचं नाही, बाई, बरेच दिवस आत चाललेलं असणार. कॅरव्हॅन इथेच विका आणि ह्यांना विमानाने घरी न्या. नोलीन म्हणाली, "रस्ता आहे तोवर तो आहे. ढगात नेऊन बसवलात तर उरलेलाही सांडेल."

मी फोनवर म्हणाले, "मी येते, मी चालवते." "तुला रागात गिअर बदलता येत नाहीत," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता मुख्य गोष्ट सांगते. संध्याकाळी मुक्कामाच्या मैदानात कॅरव्हॅन लावायची म्हणजे उलटी न्यायची, दोन कॅरव्हॅनींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करतेय, दोघं भांडतायत, आणि सगळं मैदान बिअर घेऊन मजा बघतंय, ही आमची रोजची करमणूक. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की कॅरव्हॅन उजवीकडे जाते. भल्याभल्यांची लग्नं त्यात मोडायला आलीत. पहिल्या संध्याकाळी नोलीन उलटी न्यायला गेली आणि घुसली ती सरळ कचऱ्याच्या डब्यांत. लोक टाळ्या वाजवायला लागले.

क्लॅरी खाली उतरला. टोपी नीट केली. मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

"डावीकडे! डावीकडे म्हटलं ना! अगं नोलीन, तुझा डावा हात कुठला तेही विसरलीस का, बये?"

नोलीन. तिचं नाव. चिडलेलं, नेहमीसारखं. नव्या लग्नात त्याने तिला फुटबॉलच्या मैदानावर ट्रेलर मागे घ्यायला शिकवायचा प्रयत्न केला होता. गोलाचा खांब वाकला, तो ओरडला, ती रडली, दोघांनी नाद सोडला. तेव्हाची ती ओरड त्याच्या हातांत कुठेतरी शिल्लक होती.

गाडी लावून ती खाली उतरली, तेव्हा तो तिला म्हणाला, "म्हातारे, चहा टाक." रात्रीपर्यंत ती नोलीन होती. सकाळी किल्ली फिरवली की पुन्हा परकी.

पुढच्या किम्बा गावाला पोचेपर्यंत नोलीनला कॅरव्हॅन मागे घेणं चांगलं जमायला लागलं होतं. कुणाला कळू दिलं नाही तिने. रोज संध्याकाळी मुद्दाम चुकायची. मुद्दाम कुंडीवर जायची, मुद्दाम नळावर. मैदान हसायचं, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच!" आणि ज्या बाईने मॅनेजरची गाडी अडवली होती, ती मान खाली घालून ते सगळं ऐकून घ्यायची. मागून कधी "नोलीन!" येतं एवढ्याचीच वाट.

किम्बाला पाच वाजता सगळे आपापल्या खुर्च्या आणि बाटल्या घेऊन गोल करून बसले. एका बाईने निरखून पाहिलं. "अगं, तीच ना तू? पंपावरची? गाऊनवाली!" सगळे फोन बाहेर निघाले. व्हिडिओ हातोहात फिरला, क्लॅरीच्याही हातात आला. तो बघत राहिला. मग सगळ्यांबरोबर हसला. "काय नवरा आहे," म्हणाला. "बायकोला विसरतो म्हणजे काय! मी असतो तर सोडलं नसतं त्याला."

हसणं कुठल्या कुठे गेलं. कुणीतरी बिअरचा डबा पायाखाली घेऊन चेपला, तेवढाच आवाज. ज्या बाईने ओळखलं होतं, ती उठून नोलीनच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. बरंच केलं.

त्यानंतर त्याच्या तोंडी तिचं नाव कमी होत गेलं. पोर्ट ऑगस्टाला बऱ्याच वेळाने आलं. पुढे एका मुक्कामी त्याने नुसते हात केले. "मला तेवढंच हवंय," नोलीन फोनवर म्हणाली. "घरात शिरताना एकदा हाक मारू दे त्याला. आपल्या फाटकात. मग पुढचं काय ते मी बघेन."

ते माफ्राला पोचणार होते त्या दुपारी मी त्यांच्या घराच्या फाटकाशी उभी होते. गवत कापून ठेवलं होतं, चूल पेटवून ठेवली होती. गाडी आली. नोलीनने माझ्याकडे बघितलंही नाही. गाडी पुढे घेतली, थांबवली, आणि उलटी घ्यायला लागली. मुद्दाम चुकली. कॅरव्हॅनचा कोपरा लिंबाच्या झाडात घुसला, पिकलेली लिंबं छपरावर धडधडा पडली.

क्लॅरी उतरला. टोपी नीट केली. चालत मागे गेला. हात अर्धे वर आले. त्याने झाडाकडे बघितलं, घराकडे बघितलं, हात खाली घेतले आणि खिडकीपाशी आला.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "अवघड जागा आहे. मी लावून देऊ का? तुमच्याबरोबर कुणी नाही?"

नोलीनने स्टिअरिंगवर डोकं टेकलं नाही की रडली नाही. "नको," म्हणाली. "जमेल मला." आणि एका दमात कॅरव्हॅन अशी लावली, की भिंत आणि तिच्यामध्ये बोट जाऊ नये. क्लॅरी खूश झाला. "वा! कुणी शिकवलं?"

"नवऱ्याने," ती म्हणाली.

आता तो त्याच घरात राहतो आणि ते कुणाचंतरी घर आहे असं समजून फार सभ्यपणे वागतो. कप धुऊन ठेवतो. जेवणाबद्दल आभार मानतो. नोलीन शेजारच्या खोलीत झोपते, कारण परक्या बाईच्या बिछान्यात तो पाय ठेवत नाही. बायको वाट बघत असेल ना त्याची. सकाळी नोलीनची नजर चुकली की तो तिचा स्वेटर काखेत मारून रस्त्यावर जातो आणि पश्चिमेकडे, त्या पंपाच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांना हात करतो. लोक पोलिसांना फोन करतात. पोलीस चांगली पोरं आहेत, पण गणवेश बघून तो घाबरतो. त्याला वाटतं, नोलीनचं काही बरंवाईट झाल्याची बातमी घेऊन आलेत. दर वेळी त्याला ती नव्याने मेल्यासारखी वाटते. मागच्या वेळी तो रस्त्यातच खाली बसला.

तर आता तुम्ही. हसलात ते हसलात. माफ्राहून पश्चिमेला जाताना काखेत निळा स्वेटर धरलेला, टोपीवाला म्हातारा हात करताना दिसला, तर फोन काढू नका. व्हिडिओसाठी नको, पोलिसांसाठीही नको. दार उघडा, शेजारी बसवा. "कुठे जायचं?" विचारा. तो सांगेल. "चला," म्हणा. तो तिच्याबद्दल बोलेल, ते ऐका, मध्ये तोंड घालू नका. त्याला थोडं फिरवा, आणि लिंबाचं झाड असलेल्या, दुधाच्या कॅनची टपालपेटी असलेल्या फाटकाशी आणून सोडा. तिथे एक बाई उभी असेल. तिच्याशी हळू बोला, आणि तिलाही एकदा तिच्या नावाने हाक मारा.